मराठी टायपिंगचा स्पीड अडकलाय? सरावाचा क्रम बदलून बघा

तालुक्याच्या गावातल्या एका टायपिंग क्लासमध्ये मी बरीच वर्षं शिकवलं. दर बॅचला त्याच तीन तक्रारी यायच्या. "सर, खाली बघितल्याशिवाय बोट उचलतच नाही." "सर, जुन्या उताऱ्यावर पस्तीस येतो आणि नवा दिला की एकोणीस." "सर, रविवारी चार तास बसलो, सोमवारी पुन्हा तिथंच." लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठीला मिनिटाला ३० शब्दांची अट असते, आणि ही मुलं सहा-सहा महिने अठरा-वीसवर घुटमळत राहतात.

या तिन्ही तक्रारींत बोटांचा दोष नसतो. सराव भरपूर झालेला असतो, फक्त उलट्या क्रमाने. खाली पाहून भराभर टाईप केलं की बरं वाटतं, पाठ झालेला उतारा पुन्हा मारला की आणखी बरं वाटतं, पण त्या वेळी बोटं काहीच शिकत नसतात. माणूस हाताचं कौशल्य कसं शिकतो यावर शंभराहून अधिक वर्षं प्रयोग झालेत, आणि त्यातले दोन-तीन तर थेट टायपिंग आणि तारायंत्रावरचेच आहेत. त्यांच्या आधाराने खालचा क्रम लावला आहे.

एक अट. इथे दिलेल्या बटणांच्या जागा इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या आहेत. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या मांडणीवर, शिकत असाल तर टप्पे हेच ठेवा, मात्र जागा वेगळ्या आणि वेलांटी-रफाराचा क्रमही वेगळा.

## टप्पा १: बसण्याआधीची तयारी

कीबोर्ड एकच ठरवा. तुमच्या परीक्षेला कोणता लेआउट, म्हणजे बटणांवरची अक्षरांची मांडणी, चालतो हे जाहिरातीत आणि सूचनापत्रात शोधून वाचा. मित्र सांगतो म्हणून ठरवू नका. इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन एकाच वेळी शिकणं म्हणजे एकाच बोटाला दोन पत्ते देणं. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेतली की इनस्क्रिप्ट मिळतो. त्याच यादीत 'मराठी फोनेटिक'ही दिसतो, तो चुकून घेऊ नका. संगणकावर रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल, तर हे दोन-अडीच महिने ती बंद ठेवा. मोबाईलवर चालू राहिली तरी बिघडत नाही, तिथे अंगठे काम करतात.

स्टिकर काढा. बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावणं हा पालकांचा आवडता उपाय. मीही सुरुवातीला लावू द्यायचो. मग लक्षात आलं की स्टिकरवाल्या मशीनवर बसणारी मुलं तिसऱ्या महिन्यातही खालीच बघतात. त्याऐवजी लेआउटचा मोठा कागद डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीला लावा. त्याचा उपयोग तिसऱ्या टप्प्यात कळेल.

वही घाला. रोजची तारीख, किती मिनिटं, किती स्ट्रोक (म्हणजे किती वेळा बटण दाबलं), किती चुका, आणि *कोणत्या* चुका. हा शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात. सगळ्यात कामाचा तोच.

वेळ वाटून घ्या. रोज एक तास, तोही पंचवीस-तीस मिनिटांच्या दोन बैठकांत. याबद्दल वाद घालणारे पुष्कळ भेटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या पोस्टमनना टायपिंग शिकवायचं होतं. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला रोज एक तासाची एकच बैठक दिली, दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे चार तास. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. रोज एक तासवाल्यांना कीबोर्ड हाताखाली यायला सुमारे ३५ तास लागले, चार तासवाल्यांना सुमारे ५०. तोच कीबोर्ड, तशीच माणसं, आणि पंधरा तास जास्त.

पण दिवस मोजले तर चित्र पालटतं. रोज चार तासांनी ५० तास दोन-अडीच आठवड्यांत होतात, रोज एका तासाने ३५ तास व्हायला महिन्याच्या वर लागतं. म्हणून परीक्षा तीन आठवड्यांवर असेल तर जास्त बसण्याला पर्याय नाही. तीन महिने हातात असतील तर मात्र रविवारचे चार तास म्हणजे निव्वळ अंगमेहनत. आणखी गंमत अशी की या पद्धतीवर सगळ्यात नाखूश होता तो रोज एक तासवालाच गट. आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. तुम्हालाही तसंच वाटणार आहे.

> तपासा: लेआउट ठरला, स्टिकर निघाले, वहीत पहिल्या पानावर आजचा खरा वेग लिहिला? कधीही न पाहिलेल्या उताऱ्यावर पाच मिनिटं टाईप करून आलेला आकडाच खरा. पाठ उताऱ्याचा आकडा लिहू नका. घरी मोजताना पाच स्ट्रोक म्हणजे एक शब्द धरा. परीक्षेत मोजायची रीत निराळी असू शकते, ती सूचनापत्रात पाहा.

## टप्पा २: नकाशा नियमांनी डोक्यात घाला (दोन दिवस)

पन्नास बटणं सुटी पाठ करायला बसलात तर वैतागाल. मनात एका वेळी चारेक गोष्टीच धरता येतात, पाचवी आली की पहिली निसटते. इनस्क्रिप्टचं बरं हे की त्यात पन्नास सुट्या गोष्टी नाहीत, चार-पाच नियम आहेत:

१. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म, न, व आणि अनुस्वार हे डाव्या हाताच्या खालच्या ओळीतले अपवाद.

२. डावीकडे साधं बटण दाबलं की मात्रा, शिफ्टसह दाबलं की पूर्ण स्वर. 'ि'वर शिफ्ट म्हणजे 'इ', 'ा'वर शिफ्ट म्हणजे 'आ'.

३. उजवीकडे साधं बटण म्हणजे क, ग, च, ज, ट, ड, त, द, प, ब. त्यावरच शिफ्ट म्हणजे ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ. इथपर्यंत आलात की दहा व्यंजनं फुकट मिळाली.

४. मधल्या ओळीत डावीकडून ो, े, ्, ि, ु आणि पुढे प, र, क, त, च, ट. ज्या दोन बटणांवर बोटाला लागणारे उंचवटे असतात ती 'ि' आणि 'र'. तर्जन्यांचं घर तिथे.

५. डाव्या मधल्या बोटाखाली पाय मोडायचं बटण, म्हणजे हलन्त. सगळी जोडाक्षरं तिथूनच होतात.

हे नियम वाचून झाले की कागद उलटा ठेवा आणि कोऱ्या पानावर तिन्ही ओळी काढा. चुकलेलं तपासा, संध्याकाळी पुन्हा काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाहून दहा वेळा उतरवण्यापेक्षा न पाहता तीन वेळा आठवणं जास्त पक्कं बसतं.

दोन दिवसांपेक्षा जास्त इथे रमू नका. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मुरलेल्या टायपिस्टना कोरा कीबोर्ड देऊन अक्षरं भरायला सांगितली, तर २६ पैकी सरासरी १५च्या आसपासच त्यांना बरोबर भरता आली. २०१४ सालचा हा अभ्यास. मिनिटाला सत्तरेक शब्द मारणारी माणसं ती. बोटांना ठाऊक होतं, त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्याच्या तीन अवस्था मांडल्या: आधी विचार करून करणं, मग चुका कमी होत जाणं, शेवटी आपसूक होणं. नकाशा पहिल्या अवस्थेपुरता लागतो. पुढे तो विसरला तरी चालेल, विसरायलाच हवा.

## टप्पा ३: मधली ओळ, खाली न बघता (चार-पाच दिवस)

हातांवर पातळ टॉवेल टाका. विनोद नाही, क्लासमध्ये मी प्रत्येकाला घरून नॅपकिन आणायला लावायचो.

फक्त मधल्या ओळीच्या अक्षरांतून होणारे शब्द घ्या: पोट, पत्र, चित्र, कोरे, तुरे, चटके, पोपट, रोपटे, कोपरे, टिपतो. बघा, पहिल्याच दिवशी 'पत्र' येतंय: प, त, पाय मोडला, र. 'ररर ततत ककक' असल्या ओळी एका पानापलीकडे मारू नका. तिसऱ्या 'र'पासून बोट काहीच आठवत नाही, नुसतं आदळतं.

अडलात तर काय करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. खाली बघायचं नाही. मान वर करून भिंतीवरच्या कागदाकडे पाहा, जागा मनात धरा, नजर पुन्हा पडद्यावर आणा, मग बोट हलवा. ही तीन सेकंद कंटाळवाणी आहेत. पण या तीन सेकंदांत जागा आठवणीत धरून बोटापर्यंत न्यावी लागते, आणि शिकणं घडतं ते तिथेच. खाली पाहिलं की ते काम डोळे करून टाकतात. पडद्यावर कीबोर्डचं चित्र दाखवून पुढचं बटण उजळवणारी सॉफ्टवेअरं याच कारणासाठी मी पहिल्या आठवड्यानंतर बंद करायला सांगतो. उजळलेल्या बटणाचा पाठलाग करताना वेग झकास दिसतो, चित्र बंद केलं की हात लुळे पडतात.

वेग? दर सेकंदाला एक बटण, त्याहून जास्त नाही. मोबाईलवर टिकटिक करणारं मेट्रोनोम अ‍ॅप मिळतं, ते ६०वर लावा.

> सावधान: एका मुलीचा हात मला आजही आठवतो. 'य' खालच्या ओळीत उजव्या करंगळीकडे आहे. तो मारताना तिचा अख्खा पंजा उचलला जायचा, आणि परत बसायचा तो एक बटण सरकून. मग पुढचा 'क' 'त' व्हायचा, 'त' 'च' व्हायचा. ती म्हणायची, "सर, माझा क कच्चा आहे." तिचा 'क' ठणठणीत होता, चूक त्याआधीच्या 'य'मध्ये होती. चुका एकापाठोपाठ एक आल्या तर पहिल्या चुकीच्या *आधीचं* अक्षर पाहा. उपाय एकच: दूरचं बटण मारताना तर्जनी 'र'च्या उंचवट्यावरून हलू द्यायची नाही.

> तपासा: टॉवेलखाली, दहा अनोळखी शब्द, एकही चूक नाही, कितीही हळू. जमलं तर पुढे. नाही जमलं तर आणखी एक दिवस, त्यात कमीपणा नाही.

## टप्पा ४: उरलेली अक्षरं, चार-चार करून (दोन-अडीच आठवडे)

पुस्तकांत वरची ओळ पूर्ण, मग खालची ओळ पूर्ण, असा क्रम असतो. छापायला सोपा, शिकायला वाईट. मी असा क्रम लावतो, प्रत्येक चौकडीला दोन दिवस:

- ा, अनुस्वार, य, न
- ी, स, म, द
- ल, व, ज, ग
- ह, ू, ड, ै
- ब, ौ, ृ

यात दोन हिशेब आहेत. ज्यांचं काम जास्त ती आधी: 'ा' आला की लगेच "काका पत्रे टाकतात" असं सबंध वाक्य मारता येतं, आणि मुलांना हुरूप येतो. दुसरा हिशेब घोटाळ्यांचा. 'स' आणि 'ल' शेजारी, दोन्ही उजव्या तर्जनीकडे. 'ि', 'ी', 'ु', 'ू' ही चारही डाव्या तर्जनीकडे. असे भाऊबंद एकाच दिवशी आणले की आठवडाभर एकमेकांच्या जागी बसतात. एक पक्का झाल्यावर दुसरा आणा.

नवी चौकडी घेताना जुनी सोडायची नाही. आज शिकलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पाच-पाच मिनिटं पुन्हा. मधल्या दिवसांत थोडं विसरायला होईल. विसरलेलं खटपटीने आठवलं की ते जास्त टिकतं, म्हणून अडखळल्यावर घाबरू नका.

साधी अक्षरं झाली की शिफ्टचं कुटुंब. नियम लहान आहे: अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताचा. 'आ' आणि 'ण' डाव्या हाताचे, तर शिफ्ट उजवा. ख, थ, श, ळ, ष उजव्या हाताचे, शिफ्ट डावा. निम्म्याहून जास्त मुलं सगळीकडे डावा शिफ्टच दाबतात. मग 'आ' मारताना डावा पंजा वाकडातिकडा होऊन घर सोडतो. 'आहे' आणि 'आणि' हे दोन शब्द प्रत्येक परिच्छेदात येणार, त्यामुळे ही सवय आत्ताच मोडा.

'ँ' अनुस्वाराच्या बटणावर शिफ्टसह. 'ॉ' एन्टरजवळच्या उलट्या तिरक्या रेषेच्या बटणावर, त्यावरच शिफ्ट म्हणजे 'ऑ'. 'बँक', 'कॉलेज', 'ऑफिस' दहा-दहा वेळा मारा आणि विषय संपवा.

> सावधान: 'आणी', 'परंतू', 'विद्यार्थि' या चुका वहीत टायपिंगच्या रकान्यात लिहू नका. त्या शुद्धलेखनाच्या आहेत. बोटाने तुम्ही सांगितलं तेच केलं. यावर उपाय कीबोर्डवर नाही, तो शब्द नीट पाहून लिहिण्यात आहे.

## टप्पा ५: जोडाक्षरं, इथेच स्पीड अडतो

क्लासमधली अर्धी मुलं इथे थांबतात, म्हणून मीही इथे थांबतो.

पहिलं सूत्र: इनस्क्रिप्टमध्ये दिसतं तसं नाही, *बोलतो* तसं मारायचं. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. व, मग ि. वेलांटी कागदावर आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो, म्हणून नंतर. पुढे द, पाय मोडला, य, ा. मग र, पाय मोडला, थ, ी. रफार डोक्यावर दिसत असला तरी 'र' उच्चारात 'थ'च्या आधी आहे. एकूण दहा स्ट्रोक. रेमिंग्टनवरून आलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण तिथे वेलांटी आधी आणि रफार नंतर मारायची सवय असते. त्यांनी हळूहळू, शब्द पुटपुटत टाईप करावं. आठवडाभर क्लासमध्ये कुजबुज चालते, चालू द्या.

'र'ची चार रूपं वेगळी काढून ठेवा:

- प्रत्येक: प, पाय, र
- अर्थ: र, पाय, थ
- दुसऱ्या: इथे साधा र चालत नाही. शिफ्टसह 'र' मारला की 'ऱ' येतो, मग पाय, मग य. साध्या 'र'ने 'दुसर्या' होतं, आणि ते चूक. सुऱ्या, वाऱ्यावर, बिचाऱ्या, करणाऱ्या सगळे असेच.
- कृपा: हा 'ृ', यात 'र' मुळीच नाही

दुसरं सूत्र: जोडाक्षर अक्षरं जोडून मारायचं नाही, एक घास म्हणून मारायचं. १८९०च्या दशकात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी अमेरिकेतल्या तारायंत्र चालवणाऱ्यांचा अभ्यास केला. नवशिका यंत्राच्या टकटकीतून एकेक अक्षर ऐकायचा, मुरत गेला की अख्खा शब्द ऐकू यायचा, त्याहून मुरलेल्याला वाक्याचे तुकडे. त्यांच्या प्रगतीच्या आलेखात मधेच सपाट पट्टा यायचा, आठवडेच्या आठवडे वेग वाढत नसे. त्यांचं म्हणणं असं की त्या काळात शिकणारा सुट्या अक्षरांवरून मोठ्या घासावर जात असतो. हे म्हणणं सगळ्यांना मान्य झालं असं नाही, पण अठरा-वीसवर अडकलेल्या माझ्या मुलांकडे पाहिलं की मला ते पटतं.

मराठीतला सगळ्यात अवघड घास कोणता? 'क्ष' नाही, 'ज्ञ' नाही. 'च्या'. बोटं मोजा: च उजवी करंगळी, पाय डावं मधलं बोट, य पुन्हा उजवी करंगळी, ा पुन्हा डावं मधलं बोट. चार स्ट्रोक, दोनच बोटं, त्यातलं एक सगळ्यात दुबळं. आणि हा 'च्या' मराठीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत येतो. 'त्याच्या' म्हणजे तर आठ स्ट्रोकची कसरत.

म्हणून रोज दहा मिनिटं फक्त घास: च्या, त्या, ण्या, ल्या, प्र, र्व, क्त, स्थ, ष्ट. प्रत्येक घास शब्दातूनच मारा: घराच्या, मुलाच्या, त्याच्या, करण्याच्या, शाळेच्या. च्या-च्या-च्या असं सुटं नको. आणि पाच शब्दांचा क्रम प्रत्येक फेरीत बदला.

> तपासा: "विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या सत्राच्या प्रवेशाच्या अर्जांवर" हे न थांबता, खाली न बघता, चूक न करता मारता आलं? पुढे चला.

## टप्पा ६: उतारे, पण मिसळून

आता दुसऱ्या तक्रारीचं उत्तर. जुन्या उताऱ्यावर पस्तीस आणि नव्यावर एकोणीस, हे असं का होतं? कारण एकच उतारा वीस वेळा मारताना टायपिंग शिकलं जात नाही, तो उतारा शिकला जातो.

जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग हाताच्या हालचालींवर होता. एका गटाने एक हालचाल संपवून मग दुसरी असा सराव केला, दुसऱ्याने सगळ्या उलटसुलट मिसळून. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसत होता. काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून करणारे पुढे निघाले. आपल्या क्लासमध्ये पालक दारातून डोकावतात, त्यांना पहिल्या गटासारखा सराव दिसला की समाधान वाटतं. दुसऱ्या प्रकारचा सराव अडखळता दिसतो.

रोज तीन उतारे घ्या, तीन जातींचे: एक शासकीय पत्र किंवा परिपत्रक, एक बातमी, एक गोष्ट किंवा ललित. 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'आजी चुलीपाशी बसली होती' यांत बोटांना वेगळं चालावं लागतं. एका दिवसात एक उतारा दोनदाच. आठवड्याने तोच पुन्हा आला तर चालेल. वहीत मात्र फक्त पहिल्या वेळचा आकडा लिहायचा.

## टप्पा ७: आधी अचूकता, मग स्पीड

माझा उंबरठा शंभर शब्दांत तीन चुकांचा. त्याहून जास्त चुका होत असतील तर स्पीडचं नाव काढायचं नाही. चुकीचा स्ट्रोक हाही सरावच असतो, बोट तोही इमानेइतबारे शिकतं.

चुका या उंबरठ्याच्या आत आल्या की रोजची शेवटची दहा मिनिटं अशी:

१. एक मिनिट तुमच्या सवयीच्या वेगापेक्षा थोडं जास्त पळा. वीसवर असाल तर तेवीस. चुका होऊ द्या, बॅकस्पेसला हात लावू नका.

२. थांबा. कुठे फाटलं ते वहीत लिहा. अक्षर नको, घास लिहा: "च्या", "र्थ", "शिफ्ट-आ".

३. तेवढाच घास चार वेगवेगळ्या शब्दांत, हळू.

४. पुन्हा एक मिनिट पळा, नव्या ओळीवर.

तीनदा करा आणि उठा. आठवड्याने वहीचा शेवटचा रकाना वाचला की दिसेल, तुमच्या चुका पन्नास प्रकारच्या नाहीत, पाच-सहाच आहेत. एका मुलाच्या वहीत सलग नऊ दिवस 'ष्ट' होता. त्याने पुढचे चार दिवस कष्ट, स्पष्ट, गोष्ट, नष्ट, उत्कृष्ट यांवर घालवले, आणि बावीसवर रुतलेली गाडी हलली.

बॅकस्पेसबद्दल: सरावाच्या अर्ध्या वेळेत तो बंदच. नाहीतर डोळा सतत मागे राहतो आणि पुढचा शब्द वाचला जात नाही. टाईप करताना नजर बोटांच्या एक-दोन शब्द पुढे हवी. परीक्षेत तो चालतो की नाही हे सूचनापत्रातून आधीच पाहून ठेवा.

> सावधान: वेग दोन आठवडे हलला नाही तर तास वाढवू नका. आधी पाहा: नजर खाली जाते का, एकच उतारा फिरतोय का, 'च्या' घासाने जातोय की तुकड्यांनी. या तिन्हींचं उत्तर ठीक असेल तर दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या.

## टप्पा ८: शेवटचे दहा दिवस

ज्या मशीनवर शिकलात त्यावरून उठा. मित्राचा कीबोर्ड, सायबर कॅफेतला कीबोर्ड, लॅपटॉपचा चपटा कीबोर्ड, रोज वेगळा. परीक्षेला मिळणारं बटण कडक निघालं म्हणून रडणारी मुलं मी पाहिलीत. खुर्चीही बदला. शेजारी दुसऱ्या कोणाला तरी खाडखाड टाईप करायला बसवा, कारण हॉलमध्ये तो आवाज असणारच. उतारा कागदावर येणार की पडद्यावर, याची चौकशी करून त्याच पद्धतीने सराव करा, दोन्हींत मानेची आणि नजरेची चाल वेगळी असते.

दिवसाला पूर्ण वेळेची एकच चाचणी. तीस शब्द म्हणजे मिनिटाला दीडशे स्ट्रोक, सेकंदाला अडीच. घरी तेहतीस-चौतीस सलग पाच दिवस आले पाहिजेत, कारण हॉलमध्ये दोन-तीन शब्द सहज गळतात. नवी अक्षरं, नवी युक्ती, नवा लेआउट या दहा दिवसांत काही नको.

परीक्षेच्या सकाळी दहा मिनिटं सोपा उतारा, बोटं गरम होण्यापुरता. हॉलमध्ये बसल्यावर आधी लेआउट तपासा: मधल्या ओळीत उंचवट्यांवर 'ि' आणि 'र' उमटतात का. नाही उमटले तर घड्याळ सुरू होण्याआधी पर्यवेक्षकांना हाक मारा. आणि पहिली ओळ मुद्दाम हळू मारा. शेजारचा सुसाट सुटलेला ऐकू येईल, तो खाली बघून मारतोय.